अपुरा वेळ आणि कायद्याची प्रवेश परीक्षा
(नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळविण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी अभ्यासाला पुरेसा वेळ नसताना कशी करावी, ह्या विषयावर मी बोलावे अशी आपली इच्छा आहे. विषय व्यवहाराचा आहे. म्हणून मीही व्यवहाराचेच बोलणार आहे. उत्साह वाढविणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. परंतु सभेतून उठल्यावर ज्याला रात्रपाळीवर जावयाचे असते, किंवा जिला घरी जाऊन दहा माणसांचा स्वयंपाक करावयाचा असतो, त्यांना केवळ उत्साह पुरत नाही. त्यांना हिशेब हवा असतो. किती तास हाताशी आहेत, ते कोठे खर्च करावेत, काय वाचावे आणि काय सोडून द्यावे, एवढे जर कोणी नेमके सांगितले तर उत्साह ज्याचा तो आणू शकतो.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की करा. तुमच्यापाशी वेळ थोडा आहे, ही तुमच्या आळसाची खूण नव्हे. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. २०२५ च्या परीक्षेत १२० प्रश्न होते आणि ते सोडविण्यास १२० मिनिटे होती. ही दोन तासांची वेळ गिरणी कामगाराच्या मुलाला आणि बंगल्यात राहणाऱ्याच्या मुलाला सारखीच मिळते. परंतु त्या दोन तासांच्या आधीचे जे शेकडो तास आहेत, ते सर्वांना सारखे मिळत नाहीत. एकाला ते वडिलांनी विकत घेऊन दिलेले असतात. त्याच्या जेवणाची, खोलीची, शिकवणीची व्यवस्था झालेली असते. दुसरा दिवसभर दुकानात उभा राहून, बाजारात ओझी उचलून किंवा दारोदार सामान पोचवून संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात. ही विषमता राज्यघटनाही ओळखते. अनुच्छेद ४६ अन्वये दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींचे शैक्षणिक हित जपणे हे राज्याचे कर्तव्य आहे. आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे कलम घातले गेले, त्यामागेही शिक्षणसंस्थांतील प्रवेशाचाच वाद होता. तेव्हा आपल्याला वेळ कमी मिळाला म्हणून खाली मान घालण्याचे कारण नाही. परंतु परीक्षेचा दिवस कोणासाठी थांबत नाही हेही तितकेच खरे आहे. सबब, मिळालेल्या वेळाचे काय करावयाचे हा प्रश्न आपल्यालाच सोडविला पाहिजे.

अपुऱ्या मुदतीत अभ्यास कसा पुरा करावा ह्याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत आहे, आणि त्यातील एका लहान गोष्टीकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून हिंदुस्थानात परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळवून ठेवली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२१ मध्ये एम. एस्सी. व १९२३ मध्ये डी. एस्सी. ह्या पदव्या त्यांनी मिळविल्या. मध्यंतरी बॅरिस्टरीही पुरी केली. त्यांच्या रात्रंदिवस वाचनाचे वर्णन आपण नेहमी करतो. परंतु जाताना परवानगीचा कागद हाती घेतला नसता, तर ते वाचन पुरे करण्याचे दार बंद झाले असते. अभ्यास आणि कागद ह्या दोहोंचा हिशेब त्यांनी एकत्र ठेवला. आज मी जे सांगणार आहे त्याचे सार एवढेच आहे.

आता हिशेबाकडे वळू. समजा, परीक्षेला दहा आठवडे उरले आहेत. कामाच्या दिवशी तुम्हाला दीड तास निघतो आणि सुटीच्या दिवशी चार तास निघतात. सहा दिवसांचे नऊ आणि सुटीचे चार मिळून आठवड्याचे तेरा तास झाले. दहा आठवड्यांचे एकशे तीस. परंतु ह्यातील सर्व तास तुमचे नाहीत. घरात कोणी आजारी पडेल, जास्तीची पाळी करावी लागेल, गावी मयत होईल. म्हणून पाचवा हिस्सा, म्हणजे २६ तास, आरंभीच वजा करा. उरले १०४ तास. ही तुमची पुंजी. तुमचा आकडा ह्याहून कमी किंवा जास्त असेल. परंतु तो कागदावर लिहिल्याशिवाय एकही पुस्तक उघडू नका. ज्या माणसाला आपला पगार किती हे ठाऊक नसते, तो महिन्याच्या विसाव्या दिवशी उसने मागू लागतो. वेळाचेही तसेच आहे, आणि वेळ उसना मिळत नाही.

हे १०४ तास कसे वाटावेत ते ठरविण्यासाठी गुणांची वाटणी पाहिली पाहिजे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत २०२५ साली इंग्रजीला ४० गुण, सामान्यज्ञान व चालू घडामोडींना ३२, कायदेविषयक कल व तर्काला २४ आणि तर्कशुद्ध व विश्लेषणात्मक विचाराला २४ गुण होते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत ह्याखेरीज प्राथमिक गणिताला ८ गुण असतात आणि बाकीची वाटणी त्याप्रमाणे बदलते. तुम्ही ज्या वर्षी बसणार असाल त्या वर्षीची माहितीपुस्तिका कक्षाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. ती स्वतः वाचून हे आकडे ताडून घ्या. दुसऱ्याने सांगितलेल्या नियमावर वकिलाने विसंबू नये, आणि ज्याला वकील व्हावयाचे आहे त्यानेही विसंबू नये.

माझा सल्ला असा आहे. १०४ पैकी ४० तास सराव परीक्षांसाठी बाजूला काढा. त्यांत दहा पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावयाच्या, आणि प्रत्येक पत्रिकेतील चुका तपासण्यास तितकाच वेळ द्यावयाचा. उरलेल्या ६४ तासांपैकी इंग्रजीला २०, तर्काला १८, कायदेविषयक भागाला १६ आणि सामान्यज्ञानाला १० तास द्या. सामान्यज्ञानाला ३२ गुण असता दहाच तास का, असे तुम्ही विचाराल. कारण त्या विषयाला काठ नाही. त्यात शंभर तास ओतले तरी नेमका विचारला जाणारा प्रश्न वाचनात आलाच असेल ह्याची हमी नसते. त्याउलट तर्काचे प्रकार मोजके असतात आणि ते एकदा हाती आले की सुटत नाहीत. थोडा पैसा असलेला मनुष्य जशी खात्रीची वस्तू आधी घेतो, तसा थोडा वेळ असलेल्याने खात्रीचा विषय आधी घ्यावा.

सामान्यज्ञानासाठी कामावर जाण्यायेण्याचा वेळ वापरा. लोकलमध्ये उभे राहून वर्तमानपत्राचे पहिले पान आणि अग्रलेख वाचता येतात. रोज पाच गोष्टी खिशातल्या वहीत टिपा: कोणता कायदा झाला, सर्वोच्च न्यायालयाने कोणता निर्णय दिला, कोणाची कोणत्या पदावर नेमणूक झाली, कोणता पुरस्कार कोणाला मिळाला, जगात कोणता करार झाला. दहा आठवड्यांत साडेतीनशे नोंदी होतात. राखून ठेवलेले दहा तास ह्या नोंदींच्या उजळणीला आणि इतिहास-भूगोलाच्या शालेय पुस्तकांना द्या. जाडजूड सामान्यज्ञानकोश विकत घेऊ नका. तो वाचून होत नाही, आणि उशाशी पडलेला तो ग्रंथ पाहून मन मात्र रोज खचत राहते.

कायदेविषयक भागाचे दोन तुकडे आहेत. पहिला राज्यघटनेचा. राज्यघटनेची मराठी प्रत शासनाने उपलब्ध केलेली आहे. तिचे भाग तीन, चार आणि चार-क मूळ शब्दांत वाचा. अनुच्छेद १२ ते ३५ मूलभूत हक्क, ३६ ते ५१ मार्गदर्शक तत्त्वे आणि ५१-क मूलभूत कर्तव्ये. कर्तव्ये १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने दहा घातली गेली आणि २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अकरावे आले. त्याच दुरुस्तीने शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१-क म्हणून मूलभूत झाला. संपत्तीचा हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढून ३००-क मध्ये ठेवला गेला. अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय आणि २२६ खाली उच्च न्यायालय पाच प्रकारचे प्राधिलेख काढू शकते: देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण. परीक्षेत हे असेच विचारले जाते. आठ तासांत हा भाग दोनदा वाचून होतो.

दुसरा तुकडा तत्त्व आणि घटना ह्यांच्या प्रश्नांचा. प्रश्नात कायद्याचे एक तत्त्व दिलेले असते, त्याखाली एक घटना असते, आणि ते तत्त्व त्या घटनेला लावून उत्तर द्यावयाचे असते. येथे आपले विद्यार्थी हमखास एका ठिकाणी अडखळतात. उदाहरण घ्या. तत्त्व असे: अज्ञान व्यक्तीने केलेला करार आरंभापासूनच निरर्थक असतो. घटना अशी: सतरा वर्षांच्या मुलाने कर्जाच्या कागदावर सही करून सावकाराकडून पैसे घेतले आणि आता तो ते परत देत नाही, सावकार कराराच्या आधारे वसुली मागतो. आपल्या मनाला वाटते की, घेतलेले पैसे परत दिलेच पाहिजेत, म्हणून आपण सावकाराच्या बाजूचा पर्याय निवडतो. परंतु प्रश्नाने तुमची नीतिमत्ता विचारलेली नाही. दिलेल्या तत्त्वाप्रमाणे करारच अस्तित्वात नाही. म्हणून त्याच्या आधारे वसुली होत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बिबी खटल्यात अज्ञानाच्या कराराविषयी हेच ठरविले. दिलेल्या चौकटीच्या बाहेर न जाता उत्तर देणे ही ह्या प्रश्नांची किल्ली आहे, आणि असे साठ-सत्तर प्रश्न सोडविल्याशिवाय ती हाती येत नाही.

ह्याच ठिकाणी एक इशारा दिला पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकजण रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मार्गदर्शके घेतात. त्यात काही कमीपणा नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते आता १०३ आहे. चोरी ३७८ व ३७९ ह्या कलमांत होती, ती आता ३०३ मध्ये आहे. ज्याच्यावरून लबाड माणसाला नाव पडले ते ४२० आता ३१८ मध्ये गेले आहे. २०२४ पूर्वी छापलेले पुस्तक तर्कासाठी आणि व्याकरणासाठी खुशाल वापरा. फौजदारी कायद्यासाठी ते उघडू नका.

तर्काच्या प्रश्नांत नातेसंबंध, दिशा, संख्यामालिका, बैठकीची मांडणी आणि विधानांवरून निष्कर्ष हे प्रकार वारंवार येतात. रोज एकच प्रकार घ्या आणि त्याचे पंचवीस प्रश्न सोडवा. प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात, त्याचा नात्यांच्या प्रश्नांत मोठा फायदा होतो. इंग्रजीत काका, मामा, मावसा आणि आत्याचा नवरा ह्या सर्वांना एकच शब्द आहे; मराठीत नुसते नाते उच्चारले की आईकडचे की वडिलांकडचे ते कळते. म्हणून गुंता सोडविताना कच्च्या कागदावर मराठी नाती लिहा. मात्र जेथे भाषांतर क्लिष्ट वाटेल तेथे इंग्रजी मजकुराशी ताडून पाहा.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमातून आलेल्यांना सर्वांत जास्त वाटते, आणि तीन वर्षांच्या परीक्षेत एक तृतीयांश गुण तिलाच आहेत. वीस तासांत कोणी इंग्रजीचा पंडित होत नाही. परंतु आपल्या चुका कोठे होतात हे ठाऊक असेल तर वीस तासांत पुष्कळ गुण वाढतात. मराठीत नामाच्या आधी लावावयाची ए, ॲन, द यांसारखी उपपदे नाहीत. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, इंग्रजीत ते आधी येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी असते. आपल्या चुका बहुतांशी ह्या तीन जागी आणि काळाच्या रूपांत होतात. म्हणून संपूर्ण व्याकरण वाचीत बसू नका. उपपदे, शब्दयोगी अव्यये, कर्ता-क्रियापदाचा मेळ आणि काळ ह्या चार प्रकरणांना दहा तास द्या. उरलेले दहा तास उतारे वाचून उत्तरे देण्याला द्या. उताऱ्याखालचे प्रश्न आधी वाचा आणि मग उतारा वाचा. म्हणजे काय शोधावयाचे ते डोळ्यांना ठाऊक असते.

आता सराव परीक्षा. पहिली पूर्ण पत्रिका तयारीच्या पहिल्याच आठवड्यात सोडवा. गुण कमी पडतील, पडू द्या. दहा आठवडे वाचून शेवटी पत्रिका सोडविणारा विद्यार्थी आपले दुबळे विषय अखेरच्या दिवशी ओळखतो, आणि तेव्हा उपाय करण्यास वेळ राहत नाही. प्रत्येक पत्रिकेनंतर चुकांचे तीन भाग करा: ठाऊकच नव्हते, ठाऊक होते पण प्रश्न नीट वाचला नाही, आणि वेळ पुरला नाही. ह्यांतील पहिल्या प्रकाराला वाचन हा उपाय आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याला अधिक वाचन हा उपाय नव्हे. तेथे सरावच पाहिजे. थोडा वेळ असलेल्या माणसाने ही निवड केली नाही, तर जेथे औषध नको तेथे तो औषध ओतीत राहतो.

ह्या परीक्षेत चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडणे म्हणजे हातचे दान टाकणे होय. एका प्रश्नाला सरासरीने एक मिनिट आहे. जो प्रश्न दीड मिनिटात सुटत नाही, त्याला खूण करून पुढे जा. शेवटची पाच मिनिटे राखून ठेवा आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नात एखादा उघड चुकीचा पर्याय बाद करून बाकीच्यांतून एक निवडा. परंतु हा नियम ह्या परीक्षेपुरताच आहे. राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी जी क्लॅट परीक्षा होते, तीत चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. तेथे ही रीत चालविल्यास नुकसान होईल.

आणखी एक साधी गोष्ट. परीक्षा संगणकावर होते. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी भ्रमणध्वनीवर केलेल्या सरावावर समाधान मानू नये. दहांपैकी निदान तीन पत्रिका ग्रंथालयात किंवा सायबर कॅफेत जाऊन मोठ्या पडद्यावर, माऊस हाती धरून सोडवा. ज्याला प्रश्न येतो त्याने केवळ यंत्राच्या अनोळखीपणाने दहा मिनिटे गमवावीत, ही गोष्ट सहज टाळता येण्यासारखी आहे.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत मी प्रश्नपत्रिकेविषयी बोललो. परंतु न्यायालयांच्या पायऱ्या चढताना मी पाहिले आहे की, आपल्या मुलांच्या जागा जितक्या गुणांअभावी जातात, तितक्याच कागदाअभावी जातात. म्हणून ह्या १०४ तासांखेरीज कागदांसाठी वेगळे दिवस काढा, आणि तेही आरंभीच काढा. जात प्रमाणपत्र सक्षम प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे सामान्यतः उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळते. त्याची वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती ठरविते. ह्याविषयीच्या महाराष्ट्र अधिनियमाने, जो २००१ चा २३ वा अधिनियम म्हणून ओळखला जातो, जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांच्या वेळचे कुटुंबाचे वास्तव्य पाहिले जाते. इतर मागासवर्गीयांना ह्याशिवाय नॉन-क्रीमी लेअरचे प्रमाणपत्र लागते.

बौद्ध कुटुंबांनी येथे विशेष दक्षता घ्यावी. १९५६ नंतर कित्येक घरांत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर पूर्वाश्रमीची जात, वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरेच काही, अशी स्थिती आहे. धर्मांतरित बौद्धांना महाराष्ट्र राज्याच्या सवलती १९६० पासून मिळू लागल्या, आणि १९९० मध्ये अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन केंद्राच्या दृष्टीनेही त्यांचा अनुसूचित जातीत समावेश झाला. म्हणून बौद्ध म्हणवून घेतल्याने हक्क जातो ही भीती निराधार आहे. परंतु मूळ जात दर्शविणारा जुना दाखला हाती असणे अवश्य आहे. आजोबा ज्या गावच्या शाळेत गेले, त्या शाळेचे नोंदवहीतील उतारे काढण्यास गावी जावे लागते, मुख्याध्यापक भेटावे लागतात, तहसील कचेरीत खेपा घालाव्या लागतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र झाले असेल तर त्याची प्रत अर्जास जोडा. निकाल लागल्यानंतर हे काम काढणारा मनुष्य नेहमी उशिरा पोचतो.

पैशाचीही तीच गोष्ट. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून चालू आहे. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला, बँकेतील खाते आणि त्या खात्याशी आधार क्रमांकाची जोडणी लागते. नावातील एका अक्षराच्या फरकामुळेही रक्कम अडकून पडते. शाळेच्या दाखल्यावरील, आधारपत्रावरील आणि बँकेच्या पुस्तकातील नाव अक्षरशः एक आहे की नाही, हे आजच घरी जाऊन पाहा.

मुदतीचे महत्त्व किती, हे एका खटल्यावरून सांगतो. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी कामगाराच्या मुलाला २०२४ साली धनबादच्या आय.आय.टी.मध्ये जागा मिळाली. हा अनुसूचित जातीचा विद्यार्थी. जागा पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये २४ जून रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत भरावयाचे होते. बापाने पैसे गोळा केले ते घटका भरत आली तेव्हा. रक्कम भरली जाण्यापूर्वीच संकेतस्थळ बंद झाले आणि जागा गेली. मुलाने एका मागून एक दारे ठोठावली आणि तो अखेर सर्वोच्च न्यायालयात पोचला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्याच वर्षीच्या तुकडीत त्याला जादा जागा देऊन प्रवेश देण्याचा आदेश दिला. तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २०२१ मध्येही, शुल्क भरताना तांत्रिक अडचण आलेल्या अनुसूचित जातीच्या एका विद्यार्थ्याला मुंबईच्या आय.आय.टी.त जागा देण्याचा असाच आदेश त्या न्यायालयाने दिला होता.

ह्या निर्णयांनी प्रत्येकाला समाधान वाटले पाहिजे. परंतु वकील म्हणून मी तुम्हाला सांगतो की, अनुच्छेद १४२ हा तुमच्या वेळापत्रकाचा भाग होऊ शकत नाही. एक मुलगा दिल्लीपर्यंत पोचला. किती मुले तालुक्याच्या गावातूनच परतली ह्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात नाही. सतरा हजार रुपये वेळेवर न जमणे हा गुन्हा नव्हे, आणि अशा कुटुंबांना मुदतीत सवलत मिळावी यासाठी आपण भांडलेच पाहिजे. तोपर्यंत मात्र अर्जाची, शुल्काची आणि कागद अपलोड करण्याची प्रत्येक अखेरची तारीख आपल्या वहीत सात दिवस अलीकडे लिहा आणि तीच खरी तारीख माना.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलगा परीक्षेला बसला की त्याला कोपरा मिळतो, दिवा मिळतो, चहा मिळतो. मुलगी बसली की तिला आधी भांडी घासून मग कोपरा मिळतो. तिच्या दीड तासाची चोरी बाहेरचा कोणी करीत नाही. ती आपल्या घरातच होते. दहा आठवडे तिचे पाणी भरण्याचे आणि स्वयंपाकाचे काम घरातील पुरुषांनी आपसांत वाटून घ्यावे. जी मुलगी उद्या दुसऱ्याच्या हक्कासाठी न्यायालयात उभी राहणार, तिचा स्वतःचा वेळ आज तिच्या हाती असला पाहिजे.

आणि प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या वेळा विचारून घ्या. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी ७० टक्के उपस्थितीची अट घातलेली आहे. नोकरीच्या वेळेशी वर्गाची वेळ जुळते की नाही, हे पसंतिक्रम भरण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. नोकरी करणाऱ्याला शिकता यावे म्हणून १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडताना तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले होते. शिकणाऱ्याचा दिवस कसा जातो हे पाहून महाविद्यालयाची वेळ ठरविणे, ही दृष्टी त्यामागे होती. तीच दृष्टी आजच्या महाविद्यालयांकडे मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

कायदा शिकणारा माणूस आपल्या वस्तीत एकटाच मोठा होत नाही. घराची जप्ती आली, पोलिसांनी फिर्याद लिहून घेतली नाही, मालकाने पगार बुडविला, तर शेजारी प्रथम त्याचे दार ठोठावतात. म्हणून तुमच्या ह्या १०४ तासांवर तुमच्याइतकाच त्यांचाही दावा आहे. आज घरी गेल्यावर एका कोऱ्या कागदाच्या डाव्या बाजूस आपले तास लिहा आणि उजव्या बाजूस आपले कागद लिहा. दोन्ही याद्यांत जेथे रिकामी जागा दिसेल, तेथून उद्या सकाळी कामाला लागा.